दादाच्या वाटणीचा पाना

४ मार्च
जुना ट्रॅक्टर धुऊन पुसून गॅरेजच्या दाराशी उभा केला. जुन्या यंत्रांचा एक शौकीन बघायला आला. दोन फेऱ्या मारल्या, हत्यारांची पेटी उघडली, तोंड वाकडं केलं. "याच्याबरोबर आलेला पाना कुठंय?"
म्हटलं, "साहेब, विकत नाहीये, नुसता दाखवतोय."
"पान्याशिवाय हा अर्धाच."
अर्धाच आहे. मला काय ठाऊक नाही!
वीतभर लांबीचा पाना, दांड्यावर इंचांच्या खुणा. त्यानंच नट आवळायचे, नांगर किती खोल गेला ते त्यानंच मोजायचं, आणि टाकीत बुडवून डिझेल किती उरलं तेही त्यानंच बघायचं. आम्हा भावांची गॅरेजची वाटणी झाली तेव्हा दादा म्हणाला, "ट्रॅक्टर तू घे. पाना माझा." मी मनात हसलो होतो — वेडाच आहे म्हणून.

५ मार्च
पुतण्याला फोन. "बाबा अंथरुणावरच आहेत, काका. कोणाशी बोलत नाहीत." माझ्याशी तर वाटणीपासूनच नाही. पाना मागितला. म्हणालो, दादाला विचारून दे हो.
"त्यांना काय विचारायचं," म्हणाला. लागलं मला ते.

८ मार्च
गिऱ्हाइकं पुष्कळ. लक्ष नाही.

९ मार्च
पाना आला. शौकीनही धावत आला. दांड्यावर बोट फिरवून म्हणाला, "हे काय? कोणी चावलंय?"
हसत हसत सांगितलं — आमच्या दादाची खोड. इंजिन चालू करायचं, पान्याचं तोंड त्याला टेकवायचं, दांडा दातांत धरायचा आणि डोळे मिटायचे. मी तोच दांडा कानाला लावायचो. या कानांवरच धंदा उभा केला. लोक मला कानवाला म्हणतात. आणि दादा लगाम चावणाऱ्या घोड्यासारखा उभा! काय चेष्टा करायचो आम्ही.
शौकीन हसला नाही. "माझे आजोबा असंच करायचे," म्हणाला. "बहिरे होते."

१० मार्च
वहिनीला फोन केला. सरळच विचारलं.
"वाटणीच्याही आधीपासून, भावोजी. इंजिनांनी कान खाल्ले. ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याच्याकडे ट्रॅक्टर कोण आणणार? मला शपथच घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. दातांतून तेवढं कळायचं त्यांना. बाकी ओठ बघून भागवायचे."
मग मी माझं सांगितलं. वाटणीनंतर मी एकदा त्याच्या शेडवर गेलो होतो, झालं गेलं विसरू म्हणायला. तो पाठमोरा, इंजिनवर वाकलेला. हाका मारल्या. शेवटची तर रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही ऐकली, तो वळून बघायला लागला. दादा वळला नाही. आल्या पावली परतलो. मनात म्हटलं, संपलं.
वहिनी म्हणाली, "तुम्ही आला होतात?"

११ मार्च
जेवण गेलं नाही. फाटकातून येणाऱ्या ट्रॅक्टरचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी खुर्चीत बसून सांगतो. आणि सख्खा भाऊ शेजारी उभा राहून दातांनी ऐकत होता, ते मला कळलं नाही.
बायको म्हणाली, "उद्या जा. आणि तिथं भाषण ठोकू नका."
कोणापुढे ठोकू?

१२ मार्च
दुपारी पोचलो. दादा एवढासा झालाय. चादरीखाली माणूस आहे असं वाटत नाही. वहिनी म्हणाली, "डोळे मिटूनच असतात. उघडले तरी कुणाकडे बघत नाहीत." हात धरून बसलो. त्यानं सोडवून घेतला नाही, धरलाही नाही.
राहिलो इथंच.

१३ मार्च
सकाळी पान्याचं एक टोक दादाच्या कानामागच्या हाडावर टेकवलं, दुसरं माझ्या हनुवटीला लावलं आणि हाक मारली. पुन्हा मारली. त्याच्या कपाळाला आठी पडली.
"आवाज येतोय," डोळे न उघडता म्हणाला. "कोणाचा ते कळत नाही. कोणी का असेना — माझ्या धाकट्या भावाला बोलावून आण."
आणतो म्हणालो.