चिमूताईंच्या खोलीची जमीन

दि. ६ जानेवारी

चि. चिमूताईंस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र वाचून तुमच्या दादांनी चष्मा काढून ठेवला आणि पत्र माझ्यापुढे सरकवलं. मे अखेरीस तुम्ही निवृत्त होणार आणि हॉस्पिटलची खोली सोडावी लागणार, हे आम्हाला ठाऊकच होतं. पण त्यानंतर महिलांच्या वसतिगृहात नाव घालायचं, हे काय खूळ काढलंत? भाऊ आहे, वहिनी चांगली ठणठणीत आहे, आणि तुम्ही परक्यांच्या खाटेवर झोपणार? खाली जागा नाही म्हणता, ते खरंय. दादांची खाट, माझं शिलाई मशीन आणि कपड्यांचे गठ्ठे यांतून मांजरसुद्धा अंग चोरून जातं. म्हणून आम्ही वर एक खोली बांधतोय. तुमची.

कंत्राटदार येऊन गेला. तो म्हणाला, पोलादाचे नालीदार पत्रे टाकू, त्यांच्यावर काँक्रीट ओतू, चुटकीसरशी काम होईल. त्या पत्र्यांची किंमत ऐकून मी त्याला दुसरा चहा विचारला नाही. दुसरा मार्ग नेहमीच्या सेंटरिंगचा. त्यात महिनाभर खालच्या खोलीत टेकूंचं रान उभं राहणार. मग दादांनी निजायचं कुठे आणि मी शाळेचे गणवेश शिवायचे कुठे?

शेवटी मी माझ्या एका गिऱ्हाइकाला गाठलं. मुलगी इंजिनिअर आहे, हुशार आहे, फक्त तिला बाह्या कधी मनासारख्या होत नाहीत. तिने घर पाहिलं, भिंती ठोकून पाहिल्या आणि सांगितलं की काँक्रीटच्या बारीक तुळया आणि छोट्या फळ्या अंगणातच साच्यात घाला. पक्क्या झाल्या की वर चढवा. तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, फळ्या त्यांच्यावर आडव्या, आणि सगळ्यावर काँक्रीटचा एक पातळ थर. पत्रे नकोत, टेकूही जेमतेम. तिचं ड्रॉइंग पाहून मला हायसं वाटलं. ते थेट माझ्या कटिंगसारखंच आहे, आधी तुकडे आणि मग जोडणी.

तेव्हा वसतिगृहाचा विषय बंद. लोभ आहेच, तो पुढे सिमेंटच्या हातांनी लिहिलेल्या पत्रांवरही राहू द्या.

तुमची,
वहिनी

*

दि. १७ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात सगळ्या नर्सना वाचून दाखवलं. परकर शिवावा तशी आमची वहिनी आता स्लॅब शिवायला निघालीय म्हटल्यावर एकीने विचारलं, फॉल-बिडिंग पण करतात का. मी हसले, पण खरं सांगू का, मला रात्री झोप लागली नाही.

तुला माहीत नाही, मी नर्स म्हणून नवीन होते तेव्हा एका घराची जमीन खचली होती. वरच्या खोलीत माणसं जेवत बसली होती. त्यांना आमच्याकडे आणलं. त्यातली एक बाई मला सारखी विचारत होती, जमीन कशी काय जाईल हो, जमीनच ना ती? म्हणून म्हणते, माझ्यासाठी असलं धाडस करू नकोस. घरच्या घरी केलेल्या फळ्यांवर माझी खाट, आणि तिच्याखाली दादा आणि तू. मी त्या खाटेवर डोळा मिटू शकणार नाही.

वसतिगृह वाईट नाही ग. खिडकीतून झाड दिसतं. एप्रिलअखेरपर्यंत त्यांना होकार कळवायचा आहे. दादाला गुडघ्याला शेक घ्यायला सांग, आणि तो घेत नाही हे मला माहीत आहे हेही सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमू

*

दि. २१ फेब्रुवारी

चि. चिमूस,
अ. आ.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण तुझी वहिनी तुला हे कळवणार नाही, म्हणून लिहितो.

अंगणात पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे फळ्या, त्यांच्यावर ओली पोती. ही उठल्याबरोबर चहाच्या आधी त्यांच्यावर पाणी मारते. गवंडी मिश्रण कालवतो, ही साच्याला तेल लावते, सळया मोजून ठेवते, वरून थापी फिरवते. गवंडी सुरुवातीला कुरकुरत होता. आता हिला विचारल्याशिवाय घमेलं उचलत नाही.

परवा पहिली फळी पारखायची होती. दोन विटांवर आडवी ठेवली, गवंडी वर उभा राहिला आणि फळीचे काडकन दोन तुकडे. खाली वीतभर अंतर होतं, त्यामुळे त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण हिचा चेहरा मला बघवेना. झालं होतं असं की साच्याच्या तळाशी टेकलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत निघते. ही पडली शिंपीण. सुलट बाजू दिसायला हवी म्हणून हिने फळी उलटवून तो गुळगुळीत भाग वर केला. आणि सळया असतात त्याच बाजूला. वजन पडलं की फळीचं पोट ताणतं, सळई पोटाशी हवी. हिने ती पाठीवर नेऊन ठेवली होती.

हिने मोडके तुकडे बाजूला रचले. मग चपला घातल्या आणि इंजिनिअर मुलीकडे गेली. आली ती उपाय घेऊनच. आता प्रत्येक फळी ओली असतानाच तिच्या वरच्या अंगाला तारेची कडी रोवते. उचलायलाही कामी येते, आणि फळी उलटी ठेवायची म्हटलं तरी ठेवता येत नाही. मी जन्मभर बस चालवली, चूक झाल्यावर माणसं काय करतात ते रोज पाहिलं. बहुतेक जण हॉर्न वाजवतात. तुझी वहिनी त्यातली नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं. तिच्या तोंडावर हे सांगायला मला जमत नाही, म्हणून तुला सांगतोय.

तब्येतीला जप. आठवण ठेव.

तुझा,
दादा

*

दि. १ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. त्याच्यावर चिडू नकोस. त्याने चार ओळींत तुझं जेवढं कौतुक केलंय तेवढं त्याने आमच्या आईचंसुद्धा कधी केलं नव्हतं.

पण फळी मोडली हे वाचल्यापासून तीच बाई डोळ्यांसमोर येतेय. इथे वीतभर उंची होती, वर पुरुषभराहून जास्त असणार. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे, तुझ्या हातचं मी डोळे मिटून अंगात घातलंय. पण कपडा उसवला तर पुन्हा टाका घालता येतो. वहिनी, मी वसतिगृहाला होकार कळवायचं ठरवलंय. खोली बांधाच, ती तुमच्या मशीनला होईल. मला दूर राहूनही तुम्ही दोघं धडधाकट हवे आहात.

रागावलीस तरी प्रेम आटवू नकोस.

तुझी,
चिमू

*

दि. २० एप्रिल

चि. चिमूताईंस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र आलं तेव्हा रागावले नाही असं लिहिणार होते. ते खोटं होईल. चांगली फणफणले, दादांनाही दोन शब्द ऐकवले. मग विचार केला की ही बाई जन्मभर पडलेल्या-मोडलेल्यांची सेवा करत आली, तिला शब्दांनी काय पटवणार? म्हणून जमीन पक्की होईपर्यंत पत्रच लिहिलं नाही.

चूक माझीच झाली. ती जमिनीवर झाली हे नशीब, आणि वर चढवण्याआधी पारखायची हे शहाणपण त्या मुलीचं. पुढे प्रत्येक फळी मी विटांवर ठेवून, तिच्यावर स्वतः उभी राहून मगच पास केली. माझं वजन तुम्हाला माहीत आहे, मी सांगत नाही. जुनं छप्पर काढून फळ्या चढवताना दोन दिवस खाट आणि मशीन शेजारणीकडे हलवलं, तेवढाच काय तो खोळंबा. वरचा थर ओतला, त्याला महिनाभर पाणी दिलं.

मागच्या आठवड्यात परीक्षा झाली. इंजिनिअर मुलीने खालून सगळ्यांना बाहेर काढलं आणि वर वाळूची पोती रचायला लावली. माणसांनी भरलेल्या खोलीहून जास्त वजन. मी तर डोळे झाकून घेतले होते. नव्या जमिनीच्या खालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझा काजाचा दोरा ताणून बांधला होता, किती वाकते ते कळायला. अख्खा दिवस पोती तशीच होती. वाकली ती नखाएवढी, आणि पोती उतरवल्यावर पुन्हा सरळ झाली. मुलीने मोजलं, पुन्हा मोजलं आणि मला मिठीच मारली. तिच्या सदऱ्याला सिमेंट लागलं. तो आता मीच धुऊन देणार आहे.

आता खरी बातमी. ज्या माणसाला तीन पायऱ्या जड जातात, ते तुमचे दादा काल नव्या जिन्यावर पाठमोरे बसून एकेक पायरी सरकत वर गेले. मी ओरडत होते, ऐकतायत कुठे. वर जाऊन अगदी मधोमध फतकल मारून बसले आणि म्हणाले, चिमूला कळव, तिच्या आधी मी बसून पाहिलंय. खाली उतरवायला शेजारचे दोघे बोलवावे लागले.

चिमूताई, भिंती आणि छप्पर गवंडी मेअखेर पुरं करेल. तुम्ही आला नाहीत तरी खोली उभीच राहील. पण रिकामी राहील. महिना संपायला दहा दिवस आहेत. आमच्यावर जीव आहे म्हणता ना, मग तो इथे येऊन लावा.

तुमची,
वहिनी

*

दि. ९ जून
मुक्काम: वर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोरीला बांधून तुझ्या मशीनसमोरच्या खिडकीत सोडतेय. हसू नकोस. समोर बसून सांगायला गेले की तू विषय बदलतेस आणि पानात वाढायला लागतेस.

मघाशी धप्पकन आवाज झाला. तुझं मशीन थांबलं आणि दादा ओरडला, काय पडलं म्हणून. काही पडलं नाही. ती मी होते.

येऊन चार दिवस झाले. तू पाहिलं नाहीस, पण चारही दिवस मी भिंतीला धरूनच वावरले. खाट कोपऱ्यात, खुर्ची कोपऱ्यात, खिडकीकडे जायचं तर कडेकडेने. मन म्हणायचं, एवढं वजन या जमिनीने पेललंय, दादा बसलाय, वहिनी स्वतः प्रत्येक फळीवर उभी राहिलीय. पाय ऐकायचे नाहीत. आज दुपारी तुझ्या मशीनचा आवाज खालून येत होता. वाटलं, ही बाई माझ्या पायाखाली बसून बेफिकीर टाके घालतेय आणि मी इथे चोरासारखी भिंतीला चिकटलेय. मग मधोमध गेले आणि दोन्ही पायांनी उडी मारली. जमीन हललीसुद्धा नाही.

वहिनी, मला लोकांनी पुष्कळ दिलं. खोल्या दिल्या, खाटा दिल्या, मान दिला. पण कुणी माझ्यासाठी पायाखालची जमीन आपल्या हातांनी केली नव्हती. मला तुझा फार अभिमान वाटतो. हे वाचून झालं की लगेच वर येऊ नकोस, मी रडतेय. थोड्या वेळाने ये.

आणि मशीन चालू कर. ते थांबलं की मला खाली काही झालंय असं वाटतं.

तुझी,
चिमू