चंद्रावरचा पदर

अंधेरी, मुंबई
दिवाळीनंतरचा रविवार, १९५८

प्रिय उत्तरा,

अक्षर बघून दचकू नकोस. अक्षर शेजारच्या क्षमाबाईंचं आहे, बोल माझे. एरवी माझी पत्रं तुझा बाबा लिहितो आणि मी सांगितलेलं निम्मं गाळतो, हे मला कधीचं ठाऊक आहे. मला वाचता येत नाही, पण कागद किती भरला ते दिसतं की. या वेळी काही गाळायचं नाही, म्हणून शाळेतल्या बाईच धरल्या. त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही बोला, मी मध्ये बोलणार नाही, हसणारही नाही. बघू या किती वेळ टिकतात ते.

तुझं पत्र गणपतीत आलं. दशरथ मास्तरांनी तुला मागणी घातली, तिकडे कणकवलीला तुझे मामा-मामी हो म्हणतात, आणि तुझ्या बाबाने आई म्हणेल तसं म्हणून सगळं माझ्यावर टाकलं. तू लिहिलं होतंस, आजी, माझ्या मनात आहे, पण तसं म्हणायची लाज वाटते. हे वाचताना तुझा बाबा दोनदा खाकरला. मी तंबाखू तोंडात धरून बसले, ती दिवाळी उलटली तरी बसलेच. तू रोज पोस्टमनची वाट बघत असशील, आणि मामी तुझ्याकडे बघत असेल. उत्तर आज देते. पण त्याआधी म्हातारीची लाज ऐकून घे बाय, तुझी नंतर बघू.

आपल्या खालच्या मजल्यावरची मालन तुला आठवते ना, सिनेमात गर्दीत उभी राहायला जाते ती. कधी देवळातली बाई, कधी लग्नातली वऱ्हाडीण. तिला मी किती चिडवलं असेल. म्हणायचे, अगं मालन, एवढी लग्नं जेवलीस, एकाही नवऱ्याचं तोंड नीट बघितलं नाहीस. गेल्या माघात ती एक दिवस धावत वर आली. म्हणाली, आजी, चंद्रावर म्हाताऱ्या कमी पडल्यात. रशियावाल्यांनी वर कुत्री धाडली तेव्हापासून सिनेमावाल्यांचंही डोकं आभाळात गेलं होतं. कोणी हिरो आगीच्या गाडीत बसून चंद्रावर जातो, तिथे माणसं भेटतात, अशी गोष्ट. आणि चंद्रावर माणसं असली तर त्यांना आज्या नकोत का. मी घरात सांगितलं, मालनच्या बहिणीकडे वर्सोव्याला जाते. वर्सोव्याला गेलेच, तेवढं खरं. तिथून होडीने मढला.

चंद्र मढला आहे, हे तुमच्या भूगोलात नसेल. किनाऱ्यावरचे काळे खडक चुन्याने पांढरे केले होते, आणि पलीकडे कोळणींनी बोंबील वाळत घातले होते. तेव्हा मास्तरांना सांग, चंद्रावर सुक्या बोंबलांचा वास येतो, आमच्या आजीने स्वतः घेतलाय. बाईंचं पेन थांबलं. हसल्या त्या, मी म्हटलं नव्हतं?

तिथे आम्हा बायकांना एका तंबूत नेलं. माझं नऊवारी लुगडं सोडायला लावलं, आणि वर काय दिलं असेल तर आखूड चंदेरी विजार आणि गुडघ्यापर्यंत झगा. डोक्यावर पत्र्याची टोपी, तिला दोन स्प्रिंगा, मान हलवली की त्या वेगळ्या हलायच्या. तोंडाला चांदीचा रंग. उत्तरा, उभ्या जन्मात माझ्या पोटऱ्या वैद्याशिवाय कोणी बघितल्या नाहीत, आणि त्या कोळणी जाळी टाकून आमच्याकडे बघत उभ्या. एक तर म्हणाली, गे बाय, चंद्रावरच्या बायांना लुगडी परवडत नाहीत वाटतं. मला वाटलं, वाळूत खड्डा करून बसावं.

मग मेकअपवाला आला. चंद्रावरच्या सगळ्या बायकांच्या कपाळावर एक चमकीची टिकली, चांदणीच्या आकाराची. ओळीने लावत येत होता. तुझे आजोबा गेले तेव्हा तुझा बाबा मॅट्रिकला होता. तेव्हापासून माझं कपाळ तू बघितलंस तसंच. मला सांगता आलं असतं, बाबा रे, मला नको, मला चालत नाही. मालनही माझ्याकडे बघत होती. मी कपाळ पुढे केलं. त्याचा डिंक कपाळाला झोंबत होता, तर मीच त्याला म्हटलं, पोरा, डिंक नको, मेण लाव, आमच्यात कुंकवाखाली मेण लावतात. त्याने कुठून तरी मेण आणलं आणि बोटाने टेकवलं. तंबूच्या खांबाला आरसा टांगला होता. मी जाता जाता बघितलं. मग काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा आत गेले आणि पुन्हा बघितलं.

आता गंमत ऐक. आमचं काम एवढंच, की चंद्राचा राजा येईल तेव्हा दोन्ही बाजूंना उभं राहायचं. राजा म्हणजे एक वयस्क नट, लांब पांढरी दाढी, चेहरा थेट माझ्या सासऱ्यांसारखा करारी. तो खडकामागून निघाला आणि माझा हात गेला खांद्यामागे. नसलेला पदर उचलला आणि त्या पत्र्याच्या टोपीवरून ओढून घेतला. स्प्रिंगा वाजल्या. मोठा माणूस समोर आला की हात आपोआप जातो गं, हाताला काय ठाऊक, आपण चंद्रावर आहोत ते. डायरेक्टर ओरडत आला, माताजी, ये क्या किया. मी मान खाली घातली. पण त्याने मला पुन्हा तसंच करायला लावलं, डोकं खाजवलं, आणि सगळ्यांना म्हणाला, चाँद पर ऐसे ही सलाम करते हैं, सब लोग करो. मग काय विचारतेस, चंद्रावरच्या बायका, चंद्रावरचे पुरुष, भाले घेतलेले शिपाईसुद्धा नसलेला पदर डोक्यावरून घेऊ लागले. मालवणातल्या सुनेची रीत आभाळात पोचली. मला हसू येत होतं आणि शरमही वाटत होती, आणि तोंडाला रंग असल्यामुळे दोन्ही दिसत नव्हतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. मालनला देवाची शपथ घातली. पण दिवाळीत तो सिनेमा इथल्या थेटरात लागला आणि तुझा बाबा, जो कधी एका कपापेक्षा जास्त चहाही मागत नाही, तो एकदम म्हणाला, चला, सगळे जाऊ या, आईलाही चंद्र दाखवू. मी गुडघा दुखतो म्हटलं, डोकं दुखतं म्हटलं. तुझी आई म्हणाली, सासूबाई, दोन्ही दुखत असतील तर थेटरात बसायला काय हरकत आहे. गेले. अंधारात बसले, एका बाजूला तुझा बाबा, दुसऱ्या बाजूला तुझी आई. मनात म्हणत होते, तोंडाला रंग आहे, स्प्रिंगा आहेत, जन्म देणारीसुद्धा ओळखणार नाही. चंद्र आला. चुन्याचे खडक आले. तुझी आई हसून हसून म्हणाली, अगंबाई, या म्हाताऱ्या बघा विजारीत. मी पण हसले, तिच्यापेक्षा जोरात. आणि तेवढ्यात पडद्यावर तो राजा निघाला.

माझा हात वर गेला. थेटरात, खुर्चीत बसल्या बसल्या मी डोक्यावरून पदर घेतला, आणि समोर पडद्यावर चांदीच्या तोंडाची म्हातारी तेच करत होती, त्याच हाताने. तुझ्या बाबाने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे, आणि शेवटपर्यंत तिकडेच बघत राहिला. मला तिथून उठून कुठे जावं कळेना. विजारीची शरम नव्हती, ती केव्हाच गेली होती. पडद्यावर माझं कपाळ चमकत होतं, आणि माझा मुलगा ते बघत होता.

घरी आलो. तुझी आई चहा टाकायला आत गेली. तुझा बाबा कोट काढून खुंटीला लावत होता. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, आई, लहानपणी मला आठवतंय तशी दिसत होतीस. मग पाणी पिऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, शरू, मला ती काढ म्हणायचं सुचलं नाही रे. तो म्हणाला, कशाला म्हणायचं होतं. एवढंच आमचं बोलणं. आता चाळीतली पोरं येता जाता एकमेकांना चंद्राचा सलाम करतात, नसलेला पदर ओढतात. मी दिसले की मलाही करतात. मी मान फिरवते. अजून लाज वाटते, खोटं कशाला बोलू.

आणि म्हणूनच हे पत्र, बाय. तू विचारलंस, आजी, लाज वाटते तर मी काय करू. मला पासष्टीला टिकली लावताना लाज वाटली आणि ती काढावीशीही वाटली नाही, आणि तुझं पत्र आल्यावर मी तुझ्यासारख्या पोरीला उत्तर द्यायचं सोडून तंबाखू चघळत बसले. तू आपली लाज वाटत असतानाच हो म्हण. ती जायची वाट बघू नकोस, माझी अजून गेलेली नाही. तुझा बाबा पौषाआधीची तारीख बघायला भटजींकडे गेलाय, मीच पाठवलाय. होडीतून परतताना मी ती चांदणी कपाळावरून काढून पदराच्या गाठीत बांधली होती, मग इतके महिने माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली. क्षमाबाई म्हणतात, आता खाली अंगठा उठवा.  मी अंगठा देत नाही. अंगठ्याच्या जागी ही चांदणी लावून घेतेय. हलक्या हाताने सोडव. चिकटली नाही तर खाली मेण लाव.

चंद्रावरून परतलेली, आणि तिथे असतानाही तुझीच,
आजी