पहिल्या नंबरावर यवतमाळ

आई, तुझ्या नातीनं आज दुपारी मेडिकल कॉलेजांची यादी भरली. तू तिला पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते, ती माझ्यासारखी नाही. ती विचारायला येत नाही, सांगायला येते. नीटचा निकाल लागल्यापासून तिचं काही ना काही चालूच होतं. मागच्या वर्षी कुठे किती गुणांवर प्रवेश बंद झाला, होस्टेल कॉलेजच्या आवारात आहे की बाहेर, तिथल्या सीनियर मुली काय म्हणतात. मी दवाखाना बंद करून जेवायला घरात आले की भात वाढता वाढता तेवढं ऐकून घ्यायची. आज रविवार. ती म्हणाली, "मम्मी, बस इथे, एकदा पूर्ण वाचून दाखवते." तिनं वाचायला सुरुवात केली आणि मला तुझा असा राग आला की हातातला घास हातातच राहिला. मला वाटत होतं, एवढ्या वर्षांत तो विरला असेल. तो लोणच्यासारखा मुरला होता फक्त.

माझ्या वेळची यादी कागदावर होती. राळेगावच्या दवाखान्यातलं तुझं नर्सचं क्वार्टर, मागच्या बाजूचा तो अंधारा स्वयंपाकघराचा तुकडा, आणि ओट्याला जागा नाही म्हणून खाली पाटावर बसून तू भाकरी थापते आहेस. ड्यूटीवरून आलीस तरी साडी बदलल्यावरही तुझ्या हातांना स्पिरिटचा वास असायचा आणि भाकरीला तो लागतो असं मी लहानपणी म्हणायची. मी तुझ्यासमोर भिंतीला टेकून बसले आहे. मांडीवर माहितीपुस्तिका, त्यावर अर्ज, आणि हातात पेन्सिल, कारण जीवशास्त्राच्या सरांनी सांगितलं होतं, आधी पेन्सिलीनं लिही, घरी दाखव, मग पेन चालव. सरांनी माझे गुण पाहून दोनदा चष्मा पुसला होता. म्हणाले होते, "मुंबई मिळते तुला. घाबरू नको, वर मोठं कॉलेज लिहिलं म्हणून खालचं जात नाही." मी वर मुंबई लिहिलं होतं, मग पुणे, मग नागपूर, आणि सगळ्यात शेवटी यवतमाळ.

"कोनतं कोनतं लिहिलं?" तू विचारलंस. मी वाचून दाखवलं. तू भाकरी तव्यावर टाकलीस, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवलास आणि म्हणालीस, "मुंबईले कोन हाय आपलं?"

"कोनी नाई. शिकायले जातात का नातेवाईक पाह्यले?"

"तसं नाई. हे कसं असते, वर लिहिलं ते पहिले भेटते?"

मला केवढा आनंद झाला होता तेव्हा. मला वाटलं, तुला समजून घ्यायचं आहे. मी सरांसारखीच समजावून सांगायला लागले की गुण बसत असतील तर वरचं मिळतं, नाही बसले तर त्याच्या खालचं, आणि पहिल्या नंबरावरचं मिळालं की मग पुढचं सगळं बंद, बदलून मागता येत नाही.

"म्हंजे यवतमाळ वर लिहिलं तं यवतमाळच भेटते?"

"हो, पन मंग..."

"मंग यवतमाळ लिह वर."

तुझ्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं. सरांनी मला ज्या नियमाच्या जोरावर पंख दिले, त्याच नियमानं तू ते एका वाक्यात कापलेस, आणि भाकरी करपूही दिली नाहीस.

मग तुझी कारणं सुरू झाली. नववीत मला टायफॉइड झाला होता, मुंबईचं जेवण मला पचणार नाही. तिकडे पावसाळ्यात रस्त्यात पाणी भरतं. यवतमाळ काय, एका एसटीचा रस्ता, शनिवारी निघालीस की दिवे लागायच्या आत घरी. तुझ्या नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये मोठ्या शहरातल्या मुलींनी आधी तुझं आडनाव विचारलं होतं आणि मग ताट वेगळं ठेवायला लावलं होतं, ते तू मला त्या दिवशी पुन्हा सांगितलंस. ते मात्र मी मुकाट्यानं ऐकलं. पण यवतमाळच्या होस्टेलवर सामान लावताना एका मुलीच्या आईनं माझं आडनाव विचारलं आणि लेकीची गादी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. तू दारातच उभी होतीस. तू माझी चादर झटकून अंथरलीस आणि कोपरे आत खोचलेस. एका एसटीच्या रस्त्यावरही तेच होतं, आई.

त्या संध्याकाळी शेवटी मी म्हणाले होते, "मले जायचं हाय." माझा आवाज चढला होता. तू पिठाचा हात परातीवर आपटलास. "काहून? इथं काय वाघ खाते का तुले? मोठी झाली तू लय! मी काय तुले वाईट सांगून राह्यली का?" आणि आपल्याकडच्या जंगलात वाघ खरोखरच होते, त्याच आठवड्यात कुणाची तरी गाय नेली होती, म्हणून मला हसू आलं. एवढंच झालं. मी हसले आणि त्या हसण्याला तू होकार धरलास. "खोडरबर कुठं हाय?" म्हणालीस. मुंबई तू स्वतः खोडलंस. कागदावर तुझ्या बोटाचं पीठ लागलं, ते मी फुंकून काढलं.

मला डाचतं ते असं की तू खोटं बोलणारी बाई नव्हतीस. मी शाळेतून आले की लेबर रूमच्या बाहेरच्या बाकावर बसून अभ्यास करायची, आणि आतून तुझा आवाज यायचा. दुसऱ्या सिस्टर म्हणायच्या, झालं झालं, थोडंच राहिलं. तू तसं कधीच म्हणाली नाहीस. "दुखनार हाय. अजून लय दुखनार हाय. वरड, लाजू नोको." बाया तुलाच मागायच्या. एखाद्या बाईचं काही खरं दिसत नसलं की डॉक्टर शब्द शोधत उभे राहायचे आणि तू बाहेर येऊन नवऱ्याला सरळ सांगायचीस, "इथं होत नाई आता. गाडी पाहा, यवतमाळले न्या. रडत बसू नोका." लोकांना तुझा राग यायचा नाही, उलट धीर यायचा. गावातल्या सगळ्यांच्या वाट्याला तुझं खरं बोलणं आलं. माझ्या वाट्याला टायफॉइड आणि पावसाचं पाणी आलं.

मी यवतमाळला गेले. तू राळेगावच्या शिंप्याकडून दोन ॲप्रन शिवून दिलेस, भलेमोठे खिसे लावून, कारण डॉक्टरांना खिसे पुरत नाहीत असं तुझं मत होतं. सगळ्या मुलींचे विकत घेतलेले, माझेच असे की आत डबा मावावा. मुली चिडवायच्या, मी हसून घ्यायची आणि शनिवारी एसटीत बसले की तुझ्यावर चिडायची. शनिवारी न येणं मला माहीतच नव्हतं. परीक्षा असो, मैत्रिणी कुठे जायच्या असोत, तू स्टँडवर उभी असायचीस आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "वाळली." एकदा मी आलेच नाही. पुढच्या वेळी तू त्याबद्दल अक्षर काढलं नाहीस, फक्त वाढताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. तेही मला खोडरबरासारखंच वाटलं.

आणि मग दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी तुझ्या दवाखान्यातून फोन आला की सिस्टर ड्यूटीवर पडल्या, घेऊन निघालोय. तुला माझ्याच कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. डोक्यात रक्तस्राव. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. मी तोवर मेंदूच्या त्या सगळ्या शिरांची नावं पाठ केली होती आणि त्यांतली एकही मला उपयोगी पडली नाही. दोन-तीन दिवस तू होतीस. डावा हात माझ्या हातात. तू माझ्याकडे पाहत होतीस, ओठ हलवत होतीस, आणि मी वेड्यासारखी वाट पाहत होते की आता सांगशील. काय ते मलाही ठाऊक नव्हतं. पुढे जो येईल तो एकच म्हणायचा, बरं झालं पोरगी जवळ होती, मुंबईला असती तर तोंडही दिसलं नसतं. मी मान हलवायची. मनात म्हणायची, जवळ ठेवून घेतली आणि स्वतः निघाली.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, तेव्हा लेबर रूमच्या आयाबाई, आपण सगळे ज्यांना मावशी म्हणायचो, माझ्याशेजारी येऊन बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "तुयी माय रोज म्हने मले, पोट्टी यवतमाळात हाय म्हनून झोप येते. मुंबईले गेली असती तं मी एकटी त्या क्वार्टरात मेली असती, म्हने. तुये बाबा गेल्यापासून लय भेव लागे तिले एकटं. रातच्या ड्यूट्या काहून मागून घे ती, तुले का वाटते?"

मला वाटत होतं, तुला सेवेची आवड आहे.

मावशींना सांगितलंस. ज्यांच्याशी हातमोजे धुता धुता बोलायचीस त्यांना सांगितलंस, आणि मला सांगितलं नाहीस. माझा राग मुंबई हुकल्याचा नाही, हे तुला नीट कळावं. मुंबईत जाऊन मी काही जगावेगळी डॉक्टर झाले नसते. कदाचित हीच सर्दी-खोकल्याची औषधं लिहीत असते, समुद्राजवळ बसून. पण तू भाकरी थापताना एकदा म्हणाली असतीस, "नोको जाऊ, मले एकटं भेव लागते," तर मी स्वतःच्या हातानं मुंबई खोडलं असतं. पेन्सिलीनं नाही, पेननं यवतमाळ लिहिलं असतं. माझ्यावर तेवढा भरवसा टाकायला तुला जमलं नाही. परक्या बायांना कळा सोसायला तयार करणारी तू, मला दोन शब्द सांगताना घाबरलीस.

त्याचा सूड मी घेतला. शिक्षण संपल्यावर नेमणुकीची वेळ आली तेव्हा मावशींनी निरोप पाठवला, "राळेगावले जागा हाय, तुया मायची इच्छा होती." मी जिल्ह्याचं दुसरं टोक मागून घेतलं. ढाणकी. राळेगावहून निघालं तर दिवस जातो. मग इथेच लग्न, इथेच ही पोर, इथेच ते मोडलेलं लग्न, आणि बाजाराच्या रस्त्यावर हा माझा छोटा दवाखाना. तिचे वडील नागपूरला असतात, त्यांच्या नव्या घरी. म्हणजे आता घरात आम्ही दोघीच, तशा आपणही दोघीच होतो.

तर ती वाचत होती. मुंबई, मुंबई, पुणे, मग छत्रपती संभाजीनगर, मग नागपूर. ती थांबली. "यवतमाळ?" मी विचारलं. "टाकलंच नाही मम्मी. मिळालं तर जावं लागेल ना मग." ती हसत म्हणाली. आणि माझं तोंड सुरू झालं. आई, मी माझ्या कानांनी ऐकलं ते. मी म्हणाले, तिथलं जेवण तुला सोसेल का? तुझे टॉन्सिल किती लवकर सुजतात. मुंबईची हवा दमट असते. ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "मम्मी, तू डॉक्टर आहेस ना? टॉन्सिलसाठी कोणी कॉलेज सोडतं?" तुला खोडरबर तरी हाताशी होता. इथे सगळं तिच्या बोटाखाली.

मग तिनं विचारलं. मी तुला कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं, तेही मोबाइलवरून नजर न उचलता. "तुला करमेल का गं एकटीला?"

जे तू बोलायला हवं होतंस असं मी आयुष्यभर म्हणत आले, ते बोलायची वेळ माझ्यावर आली होती, अगदी विचारून. आणि मला कळलं की मी खरं सांगितलं तर ही थांबेल. मी थांबले असते तशीच. स्वतःच्या हातानं यवतमाळ लिहील, शनिवारी येईल, आणि तिला माझ्यावर रागावताही येणार नाही, कारण मी खरं बोललेली असेन. निदान रागावायला तरी तू मला मोकळं सोडलंस. ते तू मुद्दाम केलंस असं मी म्हणणार नाही. तेवढी सूट मी तुला देत नाही.

"मला काय होतंय," मी म्हणाले, "दिवसभर पेशंट असतात." तिनं बरं म्हणून यादी लॉक केली आणि आंघोळीला गेली. मी ताट तसंच ठेवून लेटरहेडच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, ते क्वार्टरही पाडलं म्हणतात.

तुझ्यासारखं मावशींना सांगायला माझ्याकडे कोणी नाही, म्हणून तुलाच सांगते. मला काय होतंय असं म्हटल्यावर मी थोडा वेळ तिच्याकडे पाहत होते. मला वाटलं होतं, ती अजून एकदा विचारेल.