बिनडोळ्याचं पान

अमरावती,
६ मे २०२४

चि. सौ. शकुनला किशोरदादाचे अनेक उ. आ. वि. वि.

फोन सोडून कागद घेतला, कारण तुझा फोन आईच्या उशाशी असतो आणि तू स्पीकर लावून बोलतेस. हे तिच्या कानी जायला नको. तिची मेणफुलाची वेल वाळली. तिच्या पायाच्या ऑपरेशनसाठी आम्ही दोघं नवरा-बायको अकोल्यात तुझ्याकडे अठरा दिवस राहिलो, घर बंद, आणि मागच्या गॅलरीत पश्चिमेचं ऊन. कुंडीतली माती हातात घेतली तर राखेसारखी गळून पडली.

एका कोपऱ्यात हात-दीड हात हिरवं शिल्लक होतं. त्याच्या पाच फांद्या केल्या, प्रत्येकीला दोन डोळे, म्हणजे फुटव्याच्या गाठी. एक खाली, एक वर. दोन भाग माझं संत्र्याच्या सालींचं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, एक भाग विटेचा चुरा. चहाच्या कपाने मोजून, अंदाजाने नाही. महिन्याभरात मुळं धरतील.

वेल फुटली की मी घरी येतो, असं ती दवाखान्यात म्हणाली होती ना? मग तिला एवढंच सांग की वेल छाटली आहे.

थकलोय गं. लोभ आहेच, तो तेवढाच राहू दे.
किशोर


अकोला,
१३ मे २०२४

ती. दादास शकुनचा सा. न. वि. वि.

तुझा कागद आईला दाखवला नाही. वेल छाटली म्हटल्यावर तिने विचारलं, कावून छाटली, एप्रिल-मेमध्ये कोणी छाटते काय? मी विषय बदलला.

वॉकर घेऊन रोज वीस पावलं चालते. पाय ठणकला की शिव्या देते, पण थांबत नाही. म्हणते, वेलीले पाणी घालाले जायचं हाय. रात्री मात्र कण्हते, आणि मीही उठून बसते. दिवस कधी संपतो नि कधी सुरू होतो ते कळत नाही रे.

एक गंमत. दवाखान्यात येताना आईने वेलीचं एक पान पिशवीत टाकून आणलं होतं. तू दिवाळीला दिलेलं खत पोत्याच्या तळाशी उरलं होतं, ते मी प्लास्टिकच्या पेल्यात भरलं आणि पान खोचून दिलं. कप नाही, माप नाही. काल पेल्यातून पांढरी मुळं दिसली! आई येईल-जाईल त्याला दाखवते. आता सांग, गुरू कोण?

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस.
शकुन


अमरावती,
१९ मे २०२४

चि. सौ. शकुनला अ. उ. आ.

पाचही फांद्या सडल्या. आज काढल्या तर खालून काळ्या, बोटाला चिकट.

चूक माझी आहे. कंपोस्टचा ढीग आतून तापलेला होता. लोखंडी सळई ढिगात खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची, मनगटाला लावायची. कोमट लागली तर खत कच्चं. हे मी कॉलनीत चाळीस जणांना शिकवलं. त्या दिवशी अकोल्याहून आलो तो अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, मला कशाला सळई? वरवर हात लावला, थंड वाटलं. तुझ्या पोत्यातलं खत सहा महिने निवलेलं होतं, म्हणून पान टिकलं.

पण शकुन, त्या पानाला डोळा नाही. मुळं येतील, वर्षानुवर्षं हिरवंही राहील. वेल मात्र कधीच फुटणार नाही. हे तिला कसं सांगायचं ते तू ठरव. मला सुचत नाही.

आईने दिलेली फांदी जगलेलं एकच घर उरलंय, बडनेऱ्याच्या खुर्शीदबीचं. तिथे मी कोणत्या तोंडाने जाऊ? बाबा रेल्वेत असताना दोघी शेजारणी होत्या, सगळं खरं. पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बादलीतलं चहापत्ती-पाल्याचं खत पाहून मी चारचौघांत त्याला उकिरडा म्हणालो होतो.

आशीर्वाद आहेतच, अक्कल माझ्याकडून मागू नकोस.
किशोर


अकोला,
२५ मे २०२४

ती. दादास सा. न.

तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. आईने विचारलं, डब्याले इतकी कावून हात लावून राहिली? मग वाचून दाखवावंच लागलं. पानाचं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गल्लीभर फांद्या वाटल्या मीनं, म्हणाली, मले डोळा समजत नाही काय? तिची सगळी भिस्त गॅलरीतल्या वेलीवर होती.

ते ऐकल्यापासून वॉकरला हात लावत नाही. तीन दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून पडून आहे. डॉक्टर म्हणतात, आता पडून राहिल्या तर पाय आखडेल, मग उठणं नाही. मी एकटी ओढू शकत नाही रे.

दादा, तुझा मान मोठा की आईचा पाय? बडनेरा तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे.

लहान बहिणीचं इतकं बोलणं पोटात घाल.
शकुन


अमरावती,
६ जुलै २०२४

चि. सौ. शकुनला अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तुला फक्त 'गेलो होतो' एवढंच सांगितलं. उगाच आशा लावायची नव्हती. आता सगळं लिहितो.

२९ मेला बडनेऱ्याला गेलो. खुर्शीदबीने आधी चहा पाजला, मग विचारलं, सळई कुठं ठेवून आले साहेब? मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, ते राहू द्या, आईचं सांगा, पार्वताबाई चालते काय. मग माझा हात धरून त्याच बादलीत मनगटाच्या वरपर्यंत घातला. दोन वर्षांचं खत. काळं, मोकळं, मडक्यातल्या पाण्यासारखं गार. वास शून्य. असं खत मला अजून जमलेलं नाही, हे लिहून ठेवतो.

फांदी तिनेच कापली, त्याच खतात नुसती वाळू मिसळून लावली. मी कप मागितला तर हसली. कुंडी घरी आणून मी सावलीत ठेवली. एकदाही उपटून पाहिली नाही, ही माझी कमाई. काल, सदतिसाव्या दिवशी, वरच्या डोळ्यातून शेंडा निघाला. पावणेदोन इंच. (मोजल्याशिवाय राहवलं नाही.)

पुढच्या रविवारी कुंडी घेऊन अकोल्याला येतो. आईला आता तरी सांग.

भेटीत उरलेलं.
किशोर


अकोला,
११ जुलै २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. खुर्शीदबीचा भाग तीनदा. बऱ्याच दिवसांनी हसली.

कुंडी आणू नकोस. एसटीच्या धक्क्याने शेंडा मोडेल, असं तिचं म्हणणं. त्याले सांग, वेल जागची हालवू नको, मीच येतो. आणि काल न सांगता वॉकर ओढून दारापर्यंत गेली. नऊ पावलं. पूर्वीची वीस नाहीत, पाय आखडलाच आहे. तिथे उंबऱ्यावर बसली आणि उठवायला मला नि शेजारणीला घाम फुटला. तरी गेली.

आईचा मुक्काम तुझ्याकडे हलेल तेव्हा पानाचा पेलाही सोबत येईल. मी म्हटलं, आई, त्या पानाचं काय करणार, ते काही वाढायचं नाही. तर म्हणाली, नाही वाढलं तर नाही वाढलं. हिरवं हाय ना? त्याले पाणी लागतेच.

गॅलरीत पश्चिमेला आडोसा बांधून ठेव. माप घेऊन बांध, तुझ्या मनासारखं.

तुझी,
शकुन