जकात कचेरीची भेग

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे तो बसूनच करतो आहे; खोटं कशाला लिहू?) तुमचा गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देतात का? इकडे आम्ही खुशाल. गेले चार दिवस तर जरा जास्तच खुशाल आहोत, आणि तशी आपली लायकी आहे का, हे मी डायरीत दोनदा तपासून पाहिलं.

जुन्या इमारती जपणारं आमचं मंडळ तुम्हाला ठाऊक आहेच. (सभासद नऊ, पैकी शिडी चढू शकणारे दोन.) यंदा प्रत्येकाने एकेक इमारत वाटून घेतली आणि मला जुनी जकात कचेरी मिळाली. तिच्या कमानीखाली एक शिंपी तीस वर्षं मशीन चालवतो. कमानीवर भेग आहे. भिंत सरकते आहे का, हे कळावं म्हणून अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. मी पट्टी लावली, ती घट्ट बसली ना याची खात्री केली आणि उतरलो. पुढच्या रविवारी खालून पाहतो तर काच तडकलेली! दुसरी लावली, तीही गेली. पाच रविवारांत पाच काचा. मी तारीखवार अहवाल लिहिला: भिंत सरकते आहे. नगरपालिकेला तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवीच होती. आठवड्यात नोटीस आली: इमारत पाडणार, शिंप्याने महिन्याभरात जागा सोडावी. आम्ही वाचवायला घेतलेली इमारत माझ्याच सुवाच्य अक्षरामुळे पडणार होती.

तोंड दाखवायला शिंप्याकडे गेलो. त्याने बसायला स्टूल दिलं. (यानेच मी अर्धा मेलो.)

"साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"ती काच दर खेपेला किल्ल्यांनी ठोकून फोडायचीच असते का?"

मामा, मी पट्टी घट्ट बसली का हे किल्ल्यांच्या जुडग्याने ठोकून बघत होतो. शिडीवर मला चष्म्यातून पायऱ्या दोन-दोन दिसतात, म्हणून तो खिशात. तडा दिसणार कसा?

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"शिकलेला माणूस इतकं मन लावून फोडतोय, म्हटलं नियमच असेल."

नवी पट्टी लावली आणि तीन आठवडे हात मागे बांधून खालूनच पाहिली. शाबूत! भिंत केसभरही हललेली नाही. पण मन खाऊ लागलं: 'भेग जैसे थे' असं लिहून लिहून मला कंटाळा येईल, म्हणून तर मी इतक्या लगेच भिंतीवर संशय घेतला नसेन? डायरी चाळली. थोडा कंटाळा होता. मग अकरा पानांचा कबुलीजबाब लिहून सभेत ठेवला. आमच्या अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, लाल पेन घेऊन बसल्या. "'काचा मी फोडल्या' एवढं पुरे. यात तुमचं बालपण कशाला?" उरलेली ती एक ओळ चार दिवसांपूर्वी पालिकेला गेली. त्यांनी ऐकून घेतलं, पण नोटीस मागे घ्यायला बाहेरच्या इंजिनिअरची पाहणी हवी म्हणाले.

मामींना नमस्कार.

तुमचा (अजून मंडळातून न काढलेला) भाचा

ता. क. खरं काम राहूनच गेलं. इमारत खात्यात तुमची पस्तीस वर्षं गेली. गुरुवारी पाहणीला याल का? पालिकेत तुमचं नाव देऊन बसलो आहे. नातं लपवल्यासारखं वाटलं म्हणून परत जाऊन तेही सांगितलं. तिथले साहेब म्हणाले, "मामा असू द्यात हो, इंजिनिअर आहेत ना?"

आणखी एक. पत्र स्वच्छ उतरवण्यात तीन दिवस गेले, तेवढ्यात शेजारच्या गावचे इंजिनिअर येऊन पाहणी करून गेले. भिंत ठणठणीत, नोटीस रद्द, शिंपी जागेवर! तुम्ही दगदग करू नका.

शेवटचं. तरीही याच. तुम्ही येणार असं मी आधीच सांगून बसल्यामुळे शिंप्याने तुमच्या पँटसाठी कापड काढून ठेवलं आहे. तुमचं माप मी अंदाजाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाला, "मामांनाच येऊ द्या."