अण्णांचं तुंबलेलं पोट

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भावोजी, छोटी बरे असाल. आम्हीही मजेत, असं लिहिणार होतो. राहू दे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मी आता घरीच आहे. आधी ट्रकवर होतो, मग बोटीवर. तिथला स्वयंपाकी झोपेत गायचा, ते एकदा सांगेन. तर अण्णा.

त्यांच्या आतड्याचा कॅन्सर पसरलाय, हे काकूकडून कळलंच असेल. मागच्या आठवड्यात पोट टम्म फुगलं. शौचाला नाही, वारासुद्धा सरेना. जन्मभर लोकांच्या मोऱ्या नि पाइप मोकळे करणारा माणूस. म्हणाले, "तुंबलंय. वरून पाणी मार." मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. ग्लासावर ग्लास पाजले. मग हिरवी उलटी सुरू झाली, ती थांबेचना.

दवाखान्यात नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. नळी बघून म्हणाले, "अर्ध्या इंचाची पण नाही. चिकट आहेत लेकाचे." नर्स हसली. मला नाही जमलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून पोटावर पिशवी लावता येते, पण आतडं बऱ्याच ठिकाणी दाबलं गेलंय.

"म्हणजे एक जागा खोलली तरी पुढे बंदच?"

"हो, अण्णा."

"मग फोडू नका. उगीच घाण होते."

परवा घरी आणलं. नळी काढलीय. कातडीखाली बारीक सुई आहे, तिच्यातून दुखण्याचं नि उलटीचं औषध जातं. उलटी दिवसातून एखादीच. ओठांवर बर्फ फिरवतो. खिडकीत कबुतरांनी घर केलंय, त्यांना हाकलू देत नाहीत.

बरे होणार नाहीत, ताई. डॉक्टरीणबाई आता महिन्यांचं बोलत नाहीत, दिवसांचं बोलतात.

तुझ्या लग्नापासून त्यांनी तुझं नाव काढलं नव्हतं. काल बर्फ चोखता चोखता म्हणाले, "तिला कळव. पण ये म्हणू नकोस. तिला वाटलं तर..." मग भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा मी ये म्हणत नाही.

पत्र अजून टाकायचंय, हे कळतं मला. तरी आज शेजारच्या मावशींना त्यांच्यापाशी बसवून सकाळच्या गाडीला स्टँडवर जाऊन आलो. उद्याही जाईन. अण्णांनी विचारलं, कुठे गेला होतास, तर म्हटलं फिरायला. माझ्या मागे दाराकडे बघत राहिले.

सध्या कुठेच न जाणारा,
तुझा धाकटा