गुणगुण बाबांच्या डबीची नव्हती

मागच्या वर्षीच्या माझ्या मृत्युपत्रात चौथ्या कलमात चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. तिथे लिहिलं होतं की बाबांनी बनवलेला प्रीअॅम्प, म्हणजे रेकॉर्डवरच्या सुईकडून येणारा बारीक आवाज मोठा करून पुढे देणारी डबी, सारखी गुणगुणते, सबब माझ्यामागे ती भंगारात द्यावी. डबी गुणगुणत नाही. गुणगुण माझ्या उजव्या कानात आहे. ते मृत्युपत्र रद्द समजावं. तेव्हा मला काही झालंय हे कोणालाच माहीत नव्हतं आणि मृत्युपत्र केलं म्हणून घरचे हसले होते.

हे नवं मी स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहिते. कानामागे गाठ आहे, पण विचारशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

कलम एक. बँकेत माझ्या नावावर असेल ते बाबांना. दादाने त्यावरून वहिनीचं नाव पुढे करू नये. ती मागणार नाही, हाच मागेल.

कलम दोन. सोल्डरिंगची हत्यारं बाबांची बाबांना. शाळेच्या आधी अक्षरं आणि सोल्डरिंग त्यांनीच मला एका टेबलावर शिकवलं. "अक्षर चुकलं तर खोडता येतं. इथे चुकलीस तर बोट भाजेल." बोट भाजलं, अक्षरही फार चांगलं आलं नाही.

कलम तीन. नवा प्रीअॅम्प दादाला, कारण माझ्या तक्रारींना कंटाळून त्यानेच तो आणला. "बाबा, तुमची डबी आता कपाटात शोभेल," तो म्हणाला.

"शेजारी तुलाही ठेवतो. तूही कुठे धड वाजतोस?"

आम्ही हसलो. मग बाबांनी स्पीकरला कान लावला. "मला तर काही ऐकू येत नाही गं. पण तुझा कान तरुण. तुला येतंय म्हणजे असणारच." डबीच्या वायरी त्यांनी स्वतः सोडवल्या. दुरुस्तीला आलेले लोकांचे रेडिओही न उघडता परत केले. "हात गेला माझा," म्हणाले.

नव्या प्रीअॅम्पवरही गुणगुण होतीच. मी अर्थिंगची वायर बदलली, प्लग बदलला. एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, रेकॉर्ड थांबली, गुणगुण चालूच.

"हा कान जाणार. बाकीचं वाचवायचा प्रयत्न करू," डॉक्टर खाली बघत म्हणाले. मला फारशी आशा नाही. असल्याचं खोटं लिहिणार नाही.

कलम चार. टर्नटेबल आणि सगळ्या रेकॉर्ड बाबांना, जुनी डबी जोडून. मात्र डबी निर्दोष होती हे त्यांना या कागदातून कळता कामा नये. ते सांगायचं तर गाठीचंही सांगावं लागतं, जे त्यांना अजून माहीत नाही. नाही सांगितलं, तर ते हात गेला असं धरूनच बसतील. दादा म्हणतो, "ऑपरेशन होऊ दे, मग बघू." मग मी असेनच असं नाही, आणि दादा सांगेल ते बाबांना समजूत काढल्यासारखं वाटेल. त्यांनी विश्वास माझ्या कानावर ठेवला होता.

लिहून देणार: धाकटी मुलगी (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू (सही)
साक्षीदार: आत्याचे यजमान (सही, चष्मा नसल्याने वाचून दाखवलं)
ठिकाण: घरची मागची खोली
तारीख: शुक्रवार, १५ मार्च २०२४

ऑपरेशन मंगळवारी आहे. बाबांना मी स्वतः सांगणार आहे, रविवारी, १७ मार्चला.